लॅमेंटला आमच्याकडे काय म्हणतात

सोनई,
ता. ९ मार्च १९४६

ती. राधाकृष्णदादास मुक्ताचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. गहू निघाला, काळी गाय व्याली. वहिनींचा खोकला थांबला का?

तुझं कार्ड पोचलं. तुमच्या इंग्रजी-मराठी कोशात 'लॅमेंट' हा शब्द अडलाय, म्हणजे मेलेल्या माणसासाठी रडणं. त्याला आपल्याकडच्या बायका काय म्हणतात ते उदाहरणासह कळव, असं लिहितोस. आई जाऊन दोन महिने झाले. तिच्याबद्दल कार्डात एक ओळ नाही. असो, मोठ्या कामात माणसाला भान राहत नाही.

घे लिहून. हुंदका कुणालाही येतो. टाहो पोर फोडतं, हंबरडा आई फोडते. गळा काढणं ही मात्र रीत आहे. मेलेल्याचे गुण सांगत लेकीने सुरुवात करायची, मग बाकीच्या बाया साथ देतात.

उदाहरण हवं ना? आपले वडील, आण्णा गेले तेव्हा मी गळा काढला होता. तुझे कॉलेजातले मित्र ओसरीवर बसले होते. त्यांच्यादेखत माझा दंड धरून तू म्हणालास, "हा गावंढळ तमाशा बंद कर." ते मी विसरले नाही, हीच माझी चूक.

आई पहाटे गेली. तुला तार केली. बाया जमल्या, माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मी म्हटलं, "दादा यायचाय. त्याला असलं चालत नाही. गप बसा."

छबूकाकू म्हणाली, "मुक्ते, मढं असं मुकं ठेवत्यात व्हय? म्हातारी काय बेवारशी हाय?"

मी तिच्यावरही ओरडले. दिवस कलेपर्यंत सगळ्या ओठ मिटून बसल्या. तू आला नाहीस. छापखान्यातलं काम सोडता येत नव्हतं म्हणे. शेवटी आईला तशीच उचलली, चोरून न्यावी तशी.

नंतर रडू यावं म्हणून मळ्यात जाऊन बसले. आवाजच फुटेना. अजून फुटत नाही. दादा, तुझा राग आहेच, पण त्याहून जास्त मला माझा येतो. तुझ्या नजरेत शहाणी ठरावं म्हणून मी आईचं रडणं अडवून धरलं.

कोशात काय छापायचं ते छाप.

आई गेल्यावर भाऊ घरी आला की बहिणीने त्याच्या गळ्यात पडून रडायचं, हीही आपली रीत. कधी आलास तर पाय धुवायला पाणी देईन, जेवू घालीन. गळ्यात पडेन याची मात्र वाट बघू नकोस.

आईसाठी न रडलेली,
मुक्ता