मामाची जागा

दौंड,
रविवार, १५ मार्च २०२६

ती. हौसरावमामांना,

तेजूचा वाकून नमस्कार. मामींनाही सांगा. तुम्ही माझा फोन घेत नाही, घेतलात तर लगेच मामींच्या हातात देता, आणि तुमच्यासमोर मामी नुसतं "व्हय बाई, व्हय बाई" करतात. म्हणून पत्र. अक्षराला हसू नका, कित्येक वर्षांत सहीशिवाय हातानं काही लिहिलेलं नाही.

इकडे सगळे बरे आहेत. पप्पा रेल्वेतून रिटायर झाले तरी रोज सकाळी स्टेशनावर चक्कर मारून येतात. डेमू गाडी उशिरा सुटली की घरी येऊन आम्हालाच बोलतात, जशी काही आम्हीच अडवून धरली होती. आईचा गुडघा तसाच. हॉल ठरला, आचारी ठरला. विक्रमच्या घरचे साधे आहेत, मानपानाचं काही म्हणणं नाही. ऊन आत्ताच एवढं, सव्वीस एप्रिलला वऱ्हाड भाजून निघणार बघा.

लिहीत सुटले की मी. जे लिहायचं ते सोडून.

मंगळवारी तुमचा माऊली आला होता. दारातच उभा राहिला. पिवळ्या साडीची पिशवी आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "आबांनी दिलीया. रीत हाय म्हणून. आबा लग्नाला येनार न्हाईत." चहा नको, पाणीसुद्धा नको. माझ्याकडे त्यानं बघितलंच नाही. ज्याला मी तुमच्या अंगणात सायकल शिकवली तो माऊली! आई पिशवी मांडीवर घेऊन रडत बसली. साडी सुरेख आहे मामा. काठ मामींनी निवडलेला असणार, तुम्हाला कुठं रंगातलं कळतं.

संध्याकाळी आई म्हणाली, "पोपटरावाला उभा करू पाठीमागं. चुलत का असंना, मामाच हाय." मी तिच्या अंगावर वसकन् ओरडले. बिचारीला काय माहीत! तिला वाटतं, सेंटर बंद पडलं म्हणून तुम्ही माझ्या कंपनीवर चिडलात. मीही तिला तेवढंच कळू दिलंय.

मामा, मला आठवतंय तेव्हापासून कवठ्याची सुट्टी म्हणजे तुमचं दुधाचं चिलिंग सेंटर. पहाटे कॅन यायचे, तुम्ही मला स्टुलावर उभं करून लॅक्टोमीटर वाचायला लावायचात. म्हणायचात, "तेजे, दूध तपासताना मानसाचं तोंड बघायचं न्हाई. पर दूध परत पाठवायचं आसंल तवा तोंडाकडं बघूनच सांगायचं." माझ्या एवढ्या महागड्या एमबीएत याच्याइतकं सरळ कुणी काही शिकवलं नाही.

एमबीएनंतर मी कन्सल्टिंगला लागले तेव्हा तुम्ही विचारलंत, "म्हंजी नेमकं करतीस काय गं?" मी सांगितलं, कंपन्यांचे प्रश्न समजून घ्यायचे, सल्ला द्यायचा, पुढच्या कंपनीत जायचं. तुम्ही म्हणालात, "म्हंजी पाहुन्यावानी जेवायचं, भाजीत मीठ कमी हाय म्हनायचं, आन् ताट न उचलता जायचं?" सगळे हसले. मी पण हसले, पण ते मला लागलं. खरंच लागलं. तीन वर्षं मी ठिकठिकाणी मीठ कमी आहे असं सांगत हिंडले. पुढं त्या भाजीचं काय झालं, कधी कळलं नाही. मग ठरवलं, जिथं स्वतः पैसा घालून वर्षानुवर्षं थांबावं लागतं तिथं जायचं. गुंतवणुकीत. तुम्हाला फोन करून सांगितलंही होतं, मामा, आता ताट उचलणार.

मी आता आहे त्या गुंतवणूक फंडाच्या शेवटच्या मुलाखतीला त्यांनी तीन दिवस दिले. कुठलीही एक कंपनी घ्या आणि तिच्यात पैसा घालावा की नाही ते लिहून आणा, म्हणाले. मी तुमचं सेंटर चालवणारी डेअरी कंपनी निवडली आणि तुम्हाला फोन केला. आठवतं? मी म्हटलं, मामा, डेअरीची जरा माहिती हवी, परीक्षेसाठी. तुम्ही दोन तास बोललात. उन्हाळ्यात दूध निम्म्यावर येतं तरी चौदाच्या चौदा माणसं ठेवता, म्हणालात. "गिताबाईला काढून कुठं पाठवू? नवरा गेला तिचा, दोन पोरी हायत. इथं कॅन धुते, सुखानं खाते." तुम्ही अभिमानानं सांगत होता आणि मी लिहून घेत होते. आणि कागदावर काय लिहिलं माहीत आहे? चौदांचं काम सहा माणसांत होतं. दूध टँकरनं थेट मोठ्या प्लान्टला नेलं तर या सेंटरची गरज नाही.

मला नोकरी त्या कागदावर लागली, मामा.

परीक्षेचा कागद परीक्षेपुरताच असतो, असं मी धरून चालले होते. वर्षभरानं साहेबांनी तो बाहेर काढला, चांगली कंपनी आहे, खरंच बघू, म्हणाले. सौदा झाला, आमच्या फंडानं तुमची डेअरी विकत घेतली. आम्ही पाच जण सेंटर बघायला आलो तेव्हा तुम्ही फेटे बांधलेत, नारळ दिलात. माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलंत, "ही माझी भाची. आता आपल्याला घोर न्हाई." गिताबाईंनी माझी अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली. माझ्या बॅगेत तोच कागद होता.

तुम्ही म्हणाल, हे मला ठाऊक नव्हतं, पण आता कळून तरी काय उपयोग. थांबा. खरं अजून सांगितलेलंच नाही.

तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला तुमचा फोन आला होता. शिरूरजवळच्या दुसऱ्या डेअरीनं तुम्हा सगळ्यांना बोलावलं होतं, चौदाही जणांना. शनिवारपर्यंत सांगा म्हणाले होते. तुम्ही विचारलंत, "तेजे, जाऊ का थांबू? तू सांगशील तसं करतू." सेंटर बंद करायचं त्याच आठवड्यात मंगळवारी ठरलं होतं. मी त्या बैठकीत होते. बाहेर बोलायचं नाही असा नियम होता, खरं आहे. पण नियम असला तरी "मामा, मला काही विचारू नका" एवढं म्हणता आलं असतं. तुम्ही दूध वासावरून ओळखणारे, तेवढ्यावर समजला असता. मी काय म्हटलं? "थांबा मामा. काही ठरलेलं नाही."

काय म्हणून बोलले? तुम्ही सगळे एकदम गेला असता तर आमच्यात विचारणा झाली असती, बातमी कुणी फोडली म्हणून. नोकरी जाईल म्हणून मी भ्याले. बस, एवढंच. याहून मोठं कारण मी चार महिने शोधतेय, सापडत नाही.

तुम्ही तेरा माणसांना थांबवलंत. भाची हाय आपली तिथं, म्हणून. महिन्याभरात सेंटरला कुलूप लागलं, आणि तोवर त्या डेअरीनं दुसरी माणसं भरली. गिताबाई आता कांदा काढायला रोजानं जातात, मामींनीच सांगितलं. आणि येमाईच्या देवळापुढं लोक तुमच्याबद्दल म्हणतात, हौसरावाला सगळं ठाव होतं, भाचीसाठी गप बसला. तुम्ही घराबाहेर पडत नाही, तेही मामींनीच सांगितलं. तुम्ही मात्र कुणाला एका शब्दानं बोलला नाहीत, की तेजूनं मला असं सांगितलं होतं. माझं नाव राखलंत. का राखलंत हो मामा?

नोकरी अजून सोडलेली नाही. सोडली असं लिहिलं असतं तर पत्र बरं दिसलं असतं, पण आणखी एक खोटं नको.

गुरुवारी पाडवा आहे. सकाळी मी कवठ्याला येणार आहे. तुमच्या दारात येणार नाही, तुम्ही बोलावल्याशिवाय नाही. देवळापुढं सगळे जमतात, तिथं उभी राहून सांगणार, की हौसरावांना काही माहीत नव्हतं, मी त्यांना खोटं सांगितलं. गिताबाईंच्या तोंडाकडं बघून सांगणार. शिव्या मिळाल्या तर खाईन. दूध नासवलं ते मी, तुमच्या कॅनला का डाग?

हे लग्नासाठी करत नाहीये. तुम्ही लग्नाला आला नाहीत तरी येईनच मी पाडव्याला.

आणि आईला सांगून टाकलंय, पोपटरावमामांना जेवायला बोलवा, मानानं बोलवा, पण पाठीमागं उभं करायचं नाही. भटजी म्हणतील, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. तेव्हा मी तुमची साडी नेसून एकटीच चालत येईन. मंगलाष्टकं संपेपर्यंत माझ्या पाठीशी कुणी नसेल. लोक विचारतील, मामा नाही का हिला? मी सांगेन, आहे. पण मी त्याला तोंडघशी पाडलं.

मामींना जपा. उन्हात फिरू नका.

भाची म्हणायचं की नाही ते आता तुमच्यावर,
तेजू