शेवटच्या खुर्चीवरची बाई

४ ऑक्टोबर

सकाळी नावेतून नदी ओलांडून पश्चिम काठावर आले. डोंगराकडे तोंड केलेली खोली मिळाली. पांढऱ्या भिंती, लोखंडी खाट, दाराशी पुदिना. पाच वर्षं कैरोत मडक्यांच्या तुकड्यांची चित्रं काढली. आता एक अख्खी प्राचीन कबर नकलेसाठी माझ्या एकटीच्या हाती आहे. घरून, तांताहून निघाल्यापासून मी हसतेच आहे.

राखणदार बिशारीकाकांनी चहा दिला. म्हणाले, बाई, तुमच्या आधीचे साहेब इथल्या शांततेला भिऊन तीन दिवसांत पळाले, तुम्ही किती टिकणार ते आत्ताच सांगा, म्हणजे तेवढीच साखर आणतो. मी म्हटलं, तांताच्या जत्रेत वाढलेय, मला शांतताच हवी आहे. मग घ्या पोटभर, म्हणाले.

६ ऑक्टोबर

काका दाराशी आरसा धरतात, ऊन आत भिंतीवर पडतं. मी पारदर्शक कागद लावून रेघ न् रेघ उतरवते. चित्रात कोठारांच्या एका अधिकाऱ्याचं कुटुंब मेजवानीला बसलं आहे. सात खुर्च्या. शेवटच्या खुर्चीवरच्या बाईचा चेहरा आणि नाव त्याच काळात कुणीतरी छिन्नीने खरवडून काढलं आहे. असं करत. चेहरा नाही, नाव नाही, म्हणजे मेल्यानंतरही ती कुठे उरणार नाही.

नकलेचा नियम एकच. आहे तेवढंच काढायचं. तुटलेल्या जागेची कड काढायची, आत कोरं सोडायचं. आमचे प्रमुख डॉ. लमलूम यांनी कैरोहून फोनवर तीनदा बजावलं. तुझी कल्पनाशक्ती तांतालाच ठेवून ये, म्हणाले.

११ ऑक्टोबर

काकांच्या खजुराची तोडणी सुरू झाली. ते आरसा दगडावर टेकवून निघून जातात. दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. आईचा फोन लागला नाही. दुपारी उगाच मोठ्याने ‘हो’ म्हणून पाहिलं.

सहा जण शेजारच्याकडे पाहून हात पुढे करतात. सातवीला तोंडच नाही.

१३ ऑक्टोबर

नियम मोडला. कागदावरच्या कोऱ्या जागेत तिचा चेहरा काढला. दुसरा चेहरा जवळ नव्हता, म्हणून आरसा आत आणला आणि माझंच नाक, माझेच ओठ काढले. नावाच्या जागी जुन्या अक्षरांत माझं नाव लिहिलं.

तिच्यासमोर बसून भाकरी खाल्ली. इथे आल्यापासून प्रथमच जेवण संपलं. उद्या खोडून टाकेन.

१५ ऑक्टोबर

खोडलं नाही.

सकाळी चढून गेले तर काकांनी विचारलं, काय बाई, विसरलात काही? आत्ता तर कागदांची गुंडाळी घेऊन उतरलात. मी म्हटलं, काका, खजुराची धूळ गेलीय तुमच्या डोळ्यांत. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, माझा चहा प्यायलात, आणि आज कधी नव्हे ते बोललात किती.

खोलीवर पळत आले. गुंडाळी नाही.

१६ ऑक्टोबर

डॉ. लमलूम यांना फोन केला. कागद चोरीला गेल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? मी इल्हाम म्हटलं. ते म्हणाले, इल्हाम माझ्यासमोर बसली आहे. कागद स्वच्छ आहेत, शेवटची जागा नियमाप्रमाणे कोरी आहे. चेष्टेला वेळ नाही.

मागे कुणीतरी हसलं. माझं हसू.

काकांनी चहा ओतला. एकच पेला. स्वतः प्यायले. मी समोर बसले होते.

१७ ऑक्टोबर

आईने फोन उचलला. मी आई म्हटलं. ती म्हणाली, हळू बोल, लेक सकाळच्या गाडीने आलीय, आत झोपलीय. मी म्हटलं, आई, मी इल्हाम. मग ओरडली — माझ्या लेकीचा आवाज काढतेस, लाज नाही वाटत? तुला आई नाही का?

परत लावला. उचलत नाही.

ती आईच्या घरात —

१८ ऑक्टोबर

भिंतीवर छिन्नीच्या खुणा उरल्या नाहीत. गुळगुळीत. सातव्या खुर्चीवर मी आहे. नावासकट.

जुने लोक आधी नाक फोडत, म्हणजे मूर्तीचा श्वास बंद होतो. मीही तेच करणार. तिचा श्वास थांबला की आई मला ओळखेल.

भिंतीला हात लावण्याआधी आणि नंतर नोंद करायची असते.

नाक — अखंड. रंग — कोरडा.

पहिला घाव. टवका निघाला.

वहीवर थेंब. लाल. माझ्या —

नाकातून श्वास येत नाही. तोंडाने घेते आहे — ओठ जड होत आहेत — चित्रात मी ते मिटलेले काढले हो