पेटी गुणाची की नाक गेलं

सूनबाई चिहारू,

१९६४ साली सासूबाईंनी मला चहासाठी दोकुदामीचा पाला वळचणीला टांगायला शिकवलं. मासळीसारखा उग्र वास गेला की पाला वाळला; दहा दिवस तरी लागत. तुझ्या उन्हाच्या पेटीत काल दुपारी ठेवलेल्या पाल्याला आज सकाळी वासच नाही! पण बोटांना तो अजून मऊ लागतोय. पेटी एवढी गुणाची, की माझंच नाक गेलं? हिवाळ्यातल्या तापापासून शंका आहे, म्हणून डॉक्टरांकडे चाललेय. मामंजींना कळू देऊ नकोस, म्हणतील, “तरीच मिसो सूप खारट होतं!”

भात कुकरमध्ये आहे. उठलीस की आधी पाला हुंग आणि मला फोन कर. वास येत असेल तर येतो म्हण, माझं मन राखू नकोस.

— आई