पेडलचा दबका आवाज

आबा, माझे कान चांगले आहेत. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागनं. गेला महिनाभर मी काय भोगलं ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही, आणि नेमके तुम्हीच नाही. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की पौडच्या बाजारात तुमचं स्पीकरचं दुकान होतं म्हटलं तर नवी माणसं "कुठं?" म्हणून विचारतात. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी नेऱ्यात असते, आईला घेऊन. पुढच्या खोलीत गिटारचा क्लास चालवते. तुम्ही म्हणाला असता, "गिटार? ती कोण शिकतंय हितं?" शिकतात हो. भातखाचरं होती तिथं सोसायट्या उठल्यात आणि कंपन्यांतली माणसं सुट्टीच्या दिवशी पाठीला गिटार लावून येतात. माझं पोट त्यावर चालतं. म्हणजे माझ्या कानांवरच चालतं.

तर झालं असं. गिटारचा आवाज बदलायला पेडल लागतं, म्हणजे पायानं दाबायची डबी. एकीतून आवाज खरखरीत होतो, एकीतून घुमतो, एकीतून मागं पडसाद येत राहतात. मला वाटलं, तीन डब्या कशाला, सगळं एकाच डबीत बसवू. स्पीकरवाल्याची लेक आहे मी, विकत कसली आणते! सुटे भाग मागवले, तुमचं जुनं सोल्डरिंग आयर्न काढलं आणि सुट्टीत बसून सगळं जोडलं. चालू केलं, दिवा लागला, वाजलंही. पण आवाज दबका. लहान, आणि वरची सगळी चमक गेलेली. तार छेडल्यावर शेवटी जी बारीक किणकिण राहते ती नाहीच. पायानं एकूण एक इफेक्ट बंद केले. आता तरी गिटार साधी, मोकळी वाजायला हवी होती. तरी दबकीच. सगळं बंद करूनही तसंच ऐकू येतंय, म्हणजे बिघाड डबीत नाही, माझ्यातच आहे, असं माझ्या मनानं घेतलं. बारीक, उंच आवाज आधी जातात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आपल्या घरात बघितलंय मी ते.

आपलं स्वयंपाकघर. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतायत, तुम्ही शेजारीच बसून चहा पिताय आणि आईला विचारताय, "कुकर लावला न्हाईस का अजून?" आई हसते. मला वाटतं तुम्ही चेष्टा करताय. मग हळूहळू तुम्ही आमच्यावरच ओरडायला लागलात. "तोंडातल्या तोंडात काय बोलतीस? नीट बोल की!" दुकानातही तेच. एकदा मी रेझिस्टर विजेला किती अडवतो ते सांगणारे त्यावरचे रंगीत पट्टे नुसते डोळ्यांनी वाचून तो थेट बसवायला निघाले, तर हातातनं हिसकावून घेतलात. "मीटर लाव आधी. रंग काय वाचतीस, शाळंतली पाटी हाय का ती?" आम्ही म्हणायचो, आबा फार तापट झालेत. मग ते धरणाकडच्या गावातलं लग्न. मंगलाष्टकं चाललीयेत, मी बायकांत अक्षता धरून उभी आहे, आणि तुमचे कर्णे शिट्टी मारायला लागतात. अशी शिट्टी की पोरं रडायला लागली, भटजी थांबले, माणसांनी अक्षता टाकून कानांवर हात दाबले. आणि तुम्ही ॲम्प्लिफायरजवळ उभे राहून नवरानवरीकडं बघून हसताय. सगळं झकास चाललंय असं तुमच्या तोंडावर. नवऱ्याचा मामा धावत आला, "आरं बहिरा हायेस का काय?" म्हणून खेकसला. मी पळत येऊन आवाज खाली केला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. त्यानंतर तुम्ही लग्नाच्या सुपाऱ्या घेणंच सोडलंत. कंबर दुखतीय म्हणून लोकांना सांगितलंत. आईनं तेच सांगितलं. मीही.

माझी परीक्षा खरं तर मिनिटाची होती. गिटारची वायर पेडलमधून काढून सरळ ॲम्प्लिफायरला लावायची. मोकळी वाजली तर पेडल खराब, दबकी वाजली तर कान खराब. दुसऱ्या कुणाला मी हेच पहिलं करायला सांगितलं असतं. पण माझा हात होईना. तसंच रेटत राहिले. क्लासमधल्या साध्या लाकडी गिटारीही मला दबक्या वाटायला लागल्या. एकदा आईनं आतून हाका मारल्या आणि मला कळल्या नाहीत, तर दिवसभर घास उतरला नाही. मिक्सर चालू होता, हे मागाहून आठवलं. आणि मग शिकवता शिकवता एकाला म्हणाले, "तोंडातल्या तोंडात काय बोलतोस? नीट बोल की!" शब्द बाहेर पडले आणि मी गारच झाले. तुमचंच वाक्य, तुमच्याच सुरात. क्लास बंद करावा लागला तर आईला घेऊन मी कुठं जाऊ, हेच डोक्यात फिरत राहिलं.

सुटका केली ती माझ्याकडं शिकणाऱ्या एका बाईनं. हिंजवडीत नोकरी करते, बोलायला मोकळी आहे. त्या दुपारी तिनं हौसेनं माझं पेडल वाजवून बघितलं आणि म्हणाली, "ताई, सॉरी हं, पण हे लावलं की गिटार गोधडी पांघरून बसल्यासारखी का वाजते?"

"काय म्हणालीस?"

"काही नाही, राहू दे. मस्त बनवलंय तुम्ही."

"अगं, मस्त गेलं खड्ड्यात! परत म्हण. तुलाही दबकं ऐकू येतंय?"

"म्हणजे काय, कुणालाही येईल!"

कुणालाही येईल! आबा, मला तिचा मुका घ्यावासा वाटला. तिथल्या तिथं वायर उपटली, सरळ ॲम्प्लिफायरला लावली आणि तार छेडली. खणखणीत! ती किणकिण पार विरून जाईपर्यंत ऐकू आली. मला रडूच फुटलं. आई पदराला हात पुसत बाहेर आली, "काय झालं गं? कोण गेलं?" म्हटलं, "कुणी नाही गेलं, डबी बिघडलीय." "मग त्यात रडतीस काय? येडी का खुळी!" ती बिचारी शिकणारी एकदा माझ्याकडं बघतेय, एकदा आईकडं.

भीती गेली की डोकं चालायला लागतं. सगळे इफेक्ट बंद केले तरी गिटारचा आवाज माझ्या डबीत एकाच दारातून आत येतो, आणि बिघाड त्या दारातच असेल तर वरची बटणं दाबून काय उपयोग? एवढी साधी गोष्ट मला महिनाभर सुचली नव्हती. डबी उघडली आणि तुम्ही करायचात तसं शेवटाकडून सोल्डरच्या एकेका टाक्यावर बोट टेकवत आले. प्रत्येक ठिकाणी स्पीकरमधून गुंऽऽ असा दणकट आवाज. दाराशी आले आणि तो एकदम मेला. तिथं एकच रेझिस्टर होता, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा. "पिवळा पट्टा, बरोबर आहे की," मी पुटपुटले. आई खांद्यावरून डोकावत होती. "पिवळा कुटला? नारिंगी हाय त्यो," म्हणाली आणि आपला चष्मा काढून माझ्या नाकावर चढवला. "चाळिशी लागली तुला, बया." चक्क नारिंगी होता, आबा. मीटर लावला तर अडथळा पाहिजे त्याचा दहावा भाग. गिटारचा आवाज डबीत शिरायच्या आतच ग्राउंडला, म्हणजे जमिनीच्या तारेकडं, पळून जात होता, आणि बारीक किणकिण सगळ्यांच्या पुढं. हो, मीटर आधी लावायला हवा होता, माहीत आहे मला. हसू नका. नवा बसवला आणि गिटार जी वाजलीये! आळ घेतला कानांवर, चोर निघाले डोळे.

तरीही कान तपासून आले. भीती होती तोवर गेलेच नसते, आता नव्हती म्हणून गेले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला कमी ऐकू यायचं का?" माझ्या तोंडून झटकन "नाही" गेलं. जिना उतरून स्कूटरपाशी आले आणि किल्ली हातात घेऊन तशीच उभी राहिले. तुम्ही तापट नव्हता, आबा. तुम्ही घाबरला होता. महिनाभर मी तशी घाबरले तेव्हा मला ते कळलं. आमच्यात बसून तुम्ही एकट्यानं केवढं सोसलंत! मला फार वाईट वाटलं, आणि तुमची इतकी आठवण आली की काही विचारू नका. परत वर गेले. दार ढकललं आणि म्हणाले, "डॉक्टर, माझ्या वडलांना ऐकू यायचं नाही." बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनी वळून बघितलं, एवढ्या मोठ्यानं म्हणाले. आपल्या घरातल्या कुणीच हे वाक्य आजवर उच्चारलेलं नव्हतं. डॉक्टर नुसते "बरं" म्हणाले आणि लिहून घेतलं.

हे तुमच्या फोटोपुढं वाचून दाखवलं असतं, पण आई घरात आहे आणि तिचे कान भारी तिखट. म्हणून कागद घडी घालून माझ्यापाशीच ठेवतेय. तुम्ही जन्मभर झाकलंत ते मी तुम्हाला न विचारता चारचौघांत बोलून टाकलं. आणि खरं सांगू, घरी येताना मला इतकं हलकं वाटत होतं की तुम्हाला विचारायला हवं होतं, हे नेऱ्याच्या फाट्यापर्यंत माझ्या मनातसुद्धा आलं नाही.