चौथी बरणी

ता. ४ मार्च

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक.

एक गोष्ट पोटात ठेवल्यामुळे जेवण गोड लागत नाही. जानेवारीत आठवडाभर तुझ्याकडे होतो. प्रयोगशाळेत भिंगातून पाहिलं, तर चौथ्या बरणीतले ते कोळंबीच्या जातीचे कणीएवढे जीव उपाशी. पोटातला तेलाचा थेंब आटत चाललेला. मी चाळीस वर्षं गिरणीत यंत्रांना तेल घातलेला माणूस. कोरडं दिसलं की हात जातोच. तू चहा आणायला गेलीस की शेजारच्या बरणीतलं शेवाळाचं हिरवं पाणी रोज दोन ड्रॉपर त्यांना घालत होतो.

काल तुझी आई म्हणाली, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा जवळ आली आणि त्या बरण्यांवरच सारी भिस्त आहे. माझ्यामुळे तुझी पाच वर्षं फुकट जाणार का? हवं तेवढं रागाव, पण लगेच कळव. माया आटू देऊ नकोस.

तुझा आजोबा

ता. १२ मार्च

ती. आजोबांस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी कपाळावर हात मारला, मग खुर्चीतून उडीच मारली.

माझं म्हणणं असं, की खायला नसलं तरी या माद्या साठवलेल्या तेलावर अंडी घालतात. बाकीच्या पाच उपाशी बरण्यांत तसंच झालं: अंडी आली, थेंब संपला. चौथीत मात्र अंडी सर्वांत जास्त आणि थेंबही शिल्लक! महिनाभर डोकं खाजवलं. सरांनी बजावलं होतं, याचं उत्तर नसेल तर परीक्षक सोलून काढतील. उत्तर तुमच्या हातात होतं. खाणं मिळालं, म्हणून तेल वाचलं.

परीक्षेत ती बरणी हिशेबातून वगळली आणि कारणही सांगितलं. हसू आवरत परीक्षकांतल्या मोठ्या बाईंनी विचारलं, की हे लपवता आलं असतं ना? मी म्हणाले, आजोबांनी लपवलं नाही, मी कसं लपवू?

पास झाले, आजोबा! आता डॉक्टर म्हणा. गुडघ्याचं औषध मात्र विचारू नका. तुमचा हात डोक्यावर असू द्या, बरणीवर नको.

तुमची ठकी

ता. १९ मार्च

चि. डॉक्टर ठकीस,

आशीर्वाद. पत्र न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वांना वाचून दाखवलं. छाती फुगून सदऱ्याचं बटण तुटलं. तुझी आई म्हणते, ते आधीच सैल होतं.

कोटाच्या खिशात तुझा ड्रॉपर सापडला, सोबत पाठवतो. ऐकतो, की कामाच्या नादात तू जेवण टाळतेस. ठके, तुझ्या पोटात तो थेंब नाही. वेळेवर जेवत जा.

तुझा तेलवाला आजोबा