ईशान्येच्या कोपऱ्यातली बाई

चैत्र शु. ३, शके १८६०. भोर.
आज गौर बसवली. बसवली म्हणजे स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांशेजारच्या फळीवर, बाकीच्या देवांच्या दाटीत. नवं घर बांधताना ईशान्येचा कोपरा देवघराला हवा, एवढंच मागितलं होतं. तिथे ह्यांचा स्टुडिओ झाला. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो म्हणे. आंबवड्याचा गवंडी तेव्हाच हसला होता, "वैनी, खिडकी हाय का गावची येस? हत्ती जाईल हितनं."

चैत्र शु. ११
ह्यांनी त्याच कोपऱ्यात भिंतीवर बाई रंगवायला घेतली आहे. निळी. हातपाय ओंडक्यासारखे, नाकडोळे नाहीतच. मुंबईला जाऊन शिकले ते हे. आधी मला समोर बस म्हणाले होते. मी म्हटलं, वेळ कुणाला आहे.
आज केर काढताना थबकले. डावा गुडघा उभा, मान खाली, पुढ्यात सूप. तांदूळ निवडताना मी अशीच बसते. म्हणजे न विचारताच...
दिवसभर कशात लक्ष नाही. आमटीत मीठ दोनदा.

चैत्र व. ६
हळदीकुंकू झालं. हे रंग आणायला पुण्याला. ओटीवर ऊन, माजघरात बायका मावेनात, म्हणून गौर उचलून स्टुडिओतच मांडली. डाळ, पन्हं पुरलं. हिशेब उद्या.
दूधवाली रानूबाई गौरीला कुंकू लावून सरळ भिंतीकडे. "ही बी देवीच व्हय? लई जागृत दिसती," म्हणत निळ्या कपाळावर बोट टेकवून मोकळी. तिचं बघून शेजारच्या काकू उठल्या, मग सगळ्याच. काहींनी तर पायाशी डोकं टेकलं.
मी "अहो, ते..." एवढंच. पुढे काय सांगणार? ती मी आहे म्हणून?
रंग ओला होता, कुंकू आत बसलं. आणि पुसायचं तरी कसं, कुंकू ते.

चैत्र व. ७
हे आले. भिंत बघितली, म्हणाले, "आता लोक हा ठिपकाच बघणार. चुना देतो भिंतीला."
"कुंकू लावलेल्या कपाळावर चुना?"
"तुला तर चित्र आवडत नव्हतं."
"नाहीच आवडत."
"मग?"
मग काय ते मलाही कळेना. म्हटलं, गौर माहेरी आली आहे, अक्षय्य तृतीयेपर्यंत घरात काही मोडायचं नाही. "बरं" म्हणाले. चुना मात्र भिजत घातलाच.

चैत्र व. १२
रानूबाई रोज दूध घातलं की भिंतीपाशी फूल ठेवून जाते. काकूंनी सुनेच्या हाती ओटी पाठवली. आपल्यापुढे वाहिलेलं फूल आपणच उचलायचं, हे पाप कुणाच्या नावावर? पूजेला बसले की फळीवरच्या देवांकडे वर बघवत नाही. जप मध्येच तुटतो.

वैशाख शु. २
जेवताना हे म्हणाले, "थोडा वेळ बस समोर. तुझाच चेहरा काढतो. मग ती देवी राहणार नाही. आणि कुंकू काय, तुझंच आहे."
चेहरा आला की सगळ्यांना कळणार, कुणापुढे वाकलो ते. काकू पुन्हा उंबऱ्यात पाऊल ठेवतील?
"नाही तर चुना आहेच," म्हणाले. रागाने नाही. अगदी हळू.
मी ताटं उचलली.

वैशाख शु. ३
गौरीची बोळवण केली. डबीत ठेवताना तिचं तोंड आज नीट बघितलं. सासूबाईंच्या सासूबाईंपासूनची पितळी गौर. घासून घासून गुळगुळीत झाली आहे. नाकडोळे राहिलेच नाहीत.
चुन्याची बादली दाराशी आहे. हे आंघोळीला गेलेत.
तांदूळ निवडायचे आहेत. स्वयंपाकघरात काळोख, खडे दिसत नाहीत. सूप घेऊन स्टुडिओत येऊन बसले आहे, इथेच लिहिते. भिंतीकडे पाठ केली आहे, तोंड खिडकीकडे. उजेड खरंच एकसारखा आहे.
न्हाणीघरातला तांब्याचा आवाज थांबला. मी उठत नाही.