आईच्या दारातली जाळी

४ जून

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

नगरपालिकेत पावसाळी गटारांची तपासनीस झाल्यापासून मी झोपेतही झाकणं मोजते, हसू नकोस. सध्या घरोघर सांगत फिरते, की रस्त्याकडेची जाळी म्हणजे कचराकुंडी नव्हे. तिथून पावसाचं पाणी थेट नदीला जातं, तिच्यात तेल, रंग, पिशव्या टाकू नका, ती झाकू नका. लोक माना डोलावतात आणि माझी पाठ वळली की केर तिथेच लोटतात. परवा शिंपीकाकांनी विचारलं, पाणी काय तुला विचारून वाहतं का.

खरी पंचाईत घरातच आहे. गल्लीचा सगळ्यात खोलगट भाग आपल्या आईच्या दारासमोर, आणि तिथलीच जाळी फरशीखाली गाडलेली. झुरळं येतात म्हणे. काढ म्हटलं तर तीन दिवस अबोला. समोर तळमजल्यावर घड्याळजींची बायको अंथरुणाला खिळलेली. पाणी तुंबलं तर तिचं काय, याची मला फार भीती वाटते रे. तुझं ती ऐकते, तू सांग.

लोभ आहे तो असू दे.
धाकटी

११ जून

चि. धाकटीस,
दादाचे आशीर्वाद.

तुझ्याआधी आईचं पत्र आलं, दोन पानं नुसती तुझी तक्रार. अगं, ती फरशी आईच्या सांगण्यावरून बाबांनी जायच्या आदल्या महिन्यात बसवली. जन्मभर गवंडीकाम केलेल्या माणसाचं ते शेवटचं काम. तिच्यावर पहार घालायला तुझा तरी हात उठेल का? एका जाळीने गाव बुडत नाही. एवढं वर्ष जाऊ दे, सुट्टीत येऊन मी अलगद काढतो. तोवर साहेबीण ऑफिसातच राहू दे, घरी मुलगी होऊन जा.

आठवण ठेव.
दादा

२ जुलै

ती. दादास,
सा. न.

मी तुझं ऐकलं. तपासणीच्या वहीत आपल्या गल्लीपुढे ‘जाळ्या मोकळ्या’ असं लिहून सही केली.

काल दुपारी दोन तास पाऊस कोसळला. मी पोचले तेव्हा गल्लीत कंबरभर पाणी होतं. घड्याळजी खिडकीतून ओरडत होते, की हिची खाट तरंगायला लागली, मला एकट्याला ती उचलत नाही. आई पायरीवर नुसती उभी, चेहरा पांढराफटक. मी पहार मागितली. तिनेच बाबांची आणून दिली, माझ्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक खिडकीच्या गजाला. पाण्याखाली काही दिसत नव्हतं, अंदाजाने घाव घालत होते. फरशी फुटली आणि पाण्याने माझा पाय असा खेचला, की जाळीवर पाय अडकला नसता तर... गजाला बांधलेला असूनही आईने दोर हातातून सोडला नाही.

पाणी उतरू लागलं. आम्ही समोरच्या घरात गेलो तेव्हा घड्याळजी बायकोचं डोकं दोन्ही हातांनी पाण्याच्या वर धरून उभे होते. ती वाचली. उद्या मी साहेबांना वही दाखवणार आहे. नोकरी राहील का, ठाऊक नाही. त्याहून जास्त भीती घड्याळजींच्या नजरेची वाटते.

तुझी,
धाकटी

२० जुलै

चि. थोरल्यास,
आईचे अ. उ. आ.

धाकटी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. तिला महिनाभर कामावरून दूर ठेवलंय. घड्याळजी माझ्याशी बोलत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. आभाळ भरून आलं की मी आधी जाळी मोकळी आहे का ते बघून येते.

तिच्या कामाचे कागद घरात पडून होते. मी साहेबांना भेटले, म्हटलं तोवर तिच्याऐवजी मी घरोघर सांगत फिरते. पहिल्या घरी शिंपीभावजी हसले. तेव्हा मी सांगितलं, की जाळी झाकणारी बाई मीच, आणि माझ्या हट्टापायी समोरची बाई बुडत होती. त्यांचं हसू तिथेच विरलं. आता प्रत्येक दारी हेच आधी सांगते.

एकोणीस घरं झाली. उरलंय ते घड्याळजींचं. आज तिथे जाते आहे.

तब्येतीला जप.
तुझी आई